गारपिटीनंतर छप्पर कसं तपासायचं: पत्रा, कवेलू, माळवद आणि स्लॅब

गारपीट झाली की घरातला प्रत्येक माणूस आधी रानाकडे धावतो. हरभरा झोपलेला असतो, काढणीला आलेला गहू आडवा असतो, संत्र्याचा मृग बहार झाडाखाली पडलेला असतो. त्या दिवशी छपराकडे बघायला कुणाला सुचणार? गारा थांबल्यावर छप्पर जागेवर दिसतं, म्हणून ते ठीक आहे असं आपण धरून चालतो. मग एप्रिल-मे कोरडे जातात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो आणि धान्याच्या खोलीत पोत्यावर थेंब टपकतात. तोवर पंचनाम्याची मुदत गेलेली असते, विमा कंपनीला कळवायचे दिवस संपलेले असतात आणि पत्र्याचं काम करणारा माणूस वीस घरांच्या यादीत अडकलेला असतो.

जालना-बुलढाणा पट्ट्यात मी पत्र्याच्या शेडची कामं करतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली आणि विदर्भ, मराठवाडा, खानदेश, नाशिक, सोलापूरपर्यंत तिने झोडपलं. त्या वर्षी एका घरी मला बोलावलं होतं ते गोठ्याचा पत्रा बदलायला. घराचा पत्रा चांगला आहे, असं आजी म्हणाल्या. काम संपल्यावर पाणी प्यायला आत बसलो. दुपारचा एक वाजला होता. धान्याच्या खोलीचं दार वाऱ्यानं लागलं, अंधार झाला आणि गव्हाच्या पोत्यांवर उजेडाचे बारीक गोल ठिपके उमटले. मोजले तर एका खोलीत एकोणीस. वरून पाहिलं तेव्हा त्यातली चार भोकंसुद्धा मला नीट सापडली नव्हती. त्या दिवसापासून मी छप्पर आधी आतून बघतो, मग वरून. पुढची सगळी पद्धत त्याच अनुभवावर उभी आहे.

शिडी लावण्याआधी

गारा थांबल्यावर लगेच वर चढू नका. वितळणाऱ्या गारांखाली पत्रा साबणासारखा निसरडा होतो. शिवाय आपल्याकडची गारपीट दुपारनंतरच्या गडगडाटी ढगांतून होते आणि तासाभरात दुसरा ढग येऊ शकतो. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर किमान अर्धा तास उघड्यावर, त्यातही उंचावर जाऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आजूबाजूला वीज कुठे पडते आहे ते दाखवतं. ते मोबाइलमध्ये असू द्या.

त्याहून मोठा धोका करंटचा आहे. वादळात खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासते, तिचं आवरण सोलतं आणि अख्खं छप्पर जिवंत होतं. लोखंडी शिडी टेकवली की माणूस गेला. म्हणून आधी मेन स्विच बंद करा. पण सर्व्हिस वायर मेन स्विचच्या आधीची असते, त्यामुळे मेन स्विच पाडून तिच्यातला करंट जात नाही. वायर पत्र्याला टेकलेली दिसली किंवा तुटून लोंबत असली तर पत्र्याला, पन्हाळीला, लोखंडी खांबाला हात न लावता महावितरणच्या माणसाला बोलवा. टेस्टरनं पाहीन आणि जाईन, असा विचारही करू नका. शिडी लाकडाची किंवा बांबूची आणि कोरडी हवी. खाली शिडी धरायला एक माणूस हवाच.

आणि सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे, पण कुणी एवढंच वाचून उठणार असेल तर हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

गार हातात असतानाच मोजा

खाली बसून करायचं पहिलं काम हे, आणि ते दहा मिनिटांतच करावं लागतं, कारण गार वितळते. अंगणातल्या मोठ्यात मोठ्या चार-पाच गारा ताटात घ्या, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि फोटो काढा. त्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, म्हणजे इंचाहून थोडा जास्त. नंतर फोटो पाहणाऱ्याला गारेचा आकार सांगावा लागत नाही. दोन-तीन गारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या तर आणखी बरं.

आकार एवढा महत्त्वाचा का? गार मोठी होते तसं तिचं वजन वाढतं आणि पडण्याचा वेगही वाढतो. इंचाच्या आतली गार ताशी पंधरा ते चाळीस किलोमीटर वेगानं येते. एक ते पावणेदोन इंचांची गार ताशी चाळीस ते पासष्ट किलोमीटरनं येते, आणि दोन इंचांपुढची सत्तरच्या वर जाते. माझ्या अनुभवात हरभऱ्याएवढी गार धड छपराचं काही बिघडवत नाही, फक्त पन्हाळ्या तुंबवते. बोराएवढी गार जुन्या फायबरच्या पत्र्याला आणि कुजलेल्या जागेला भोक पाडते. लिंबाएवढी पडली असेल तर वरून काहीही दिसत नसलं तरी प्रत्येक पत्रा तपासायचाच. गारेबरोबर सोसाट्याचा वारा असेल तर मार आणखी जोराचा आणि तिरपा बसतो.

वारा कोणत्या बाजूनं होता, किती वाजता सुरू झालं, किती मिनिटं चाललं हे वहीत लिहून ठेवा. हे तपशील महिन्याभरात विसरायला होतात आणि पुढे अर्जात तेच विचारतात.

अंगणातल्या वस्तूंची साक्ष

छपराला मार बसला की नाही हे अंगण आधी सांगतं. कूलरची जाळी, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या बारीक पट्ट्या, गाडीचं बॉनेट, प्लास्टिकची खुर्ची, लोखंडी दाराचा रंग, केळीची पानं, भिंतीचा चुना. एसीच्या पट्ट्या अगदी मऊ असतात, सुपारीएवढ्या गारेनंही त्या जागोजाग दबतात. ज्या बाजूच्या वस्तूंना जास्त मार, त्या बाजूचा छपराचा उतार आधी तपासायचा. दोन्ही उतारांना सारखाच मार बसला असेल तर वारा कमी होता. एका उताराला भरपूर आणि दुसऱ्याला काहीच नाही, असंही होतं, आणि तेच जास्त वेळा होतं.

धूळ बसलेल्या पृष्ठभागावर गार आपटली की तेवढ्याच जागेची धूळ उडून स्वच्छ गोल डाग राहतो. पाण्याच्या काळ्या टाकीवर, जुन्या सिमेंट पत्र्यावर, शेवाळलेल्या कवेलूवर म्हणजे कौलावर हे डाग स्पष्ट दिसतात. पुढच्या एक-दोन पावसांत ते पुसले जातात. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचे फोटो घ्या. गार याच वेळी पडली, हे दाखवायला त्यांच्याइतकी चांगली खूण नाही.

दुपारी बारा ते दोन: आतून

आकाश मोकळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना हे करा. एकेक खोली घ्या. दारं-खिडक्या लावा, झरोक्यावर चादर टाका आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा. घाई केली तर निम्मी भोकं सुटतात. मग वर पाहू नका, आधी खाली पाहा. जमिनीवर, पोत्यांवर, पलंगावर उजेडाचे गोल ठिपके दिसतील. हात ठिपक्यात धरून उजेडाच्या रेषेनं वर गेलं की भोक सापडतं.

प्रत्येक भोकाजवळ आतल्या बाजूनं खडूनं गोल करा. हात पोचत नसेल तर लांब काठीला खडू बांधा. वहीत खोलीचा चौकोन काढून त्यात आकडे घाला: आढ्यापासून कितवा पत्रा, भिंतीपासून कितवी नाळी. वर गेल्यावर तोच हिशेब लावून नेमक्या जागी हात जातो.

उजेड दिसतो तिथेच पाणी टपकेल असं नाही. पत्र्यातून आत आलेलं पाणी पर्लिनवरून (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या दांडीवरून) किंवा वाशावरून सरकत चार-पाच फूट खाली जाऊन मग गळतं. त्यामुळे ओल एका खोलीत आणि भोक दुसऱ्या खोलीवर, असं नेहमी घडतं. म्हणून ओलीच्या डागावर विसंबू नका, उजेडावर विसंबा. खाली पीओपी किंवा प्लायचं सिलिंग असेल तर त्याचा एखादा तुकडा काढून वर टॉर्च मारून बघावं लागेल. नवं सिलिंग काढायचं जिवावर येतं हे मी समजू शकतो, पण सिलिंगवर साठलेलं पाणी दिव्याच्या वायरीत उतरतं, आणि ते गळतीपेक्षा कितीतरी वाईट.

सकाळी साडेसात: वरून

पत्र्यावरचे पोचे दुपारी दिसत नाहीत. ऊन सरळ पडतं आणि सगळा पत्रा एकसारखा चमकतो. सकाळी साडेसात-आठला ऊन तिरपं असतं, तेव्हा प्रत्येक पोच्याच्या एका कडेला बारीक सावली पडते. ढगाळ दिवस असेल तर संध्याकाळी टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा मारा, तोच परिणाम मिळतो. फळ्यावर लिहायचा खडू आडवा धरून पत्र्यावरून अलगद फिरवणं ही तिसरी पद्धत, आणि माझी सगळ्यात आवडती. जिथे पत्रा सपाट आहे तिथे खडू लागतो, जिथे खोलगट आहे तिथे लागत नाही. पांढऱ्या पट्ट्यात पोच्यांचे गोल कोरे राहतात. ते मोजताही येतात आणि फोटोतही स्वच्छ येतात.

लोखंडी पत्रा, मग तो नालीदार असो की कलर पत्रा, गारेनं सहसा फुटत नाही, दबतो. नुसता पोचा पडला, रंग किंवा जस्ताचा थर शाबूत राहिला, तर पत्र्याचं आयुष्य त्यानं फारसं कमी होत नाही. पोच्यांकडे पाहून लगेच पत्रे बदलायला निघू नका. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, पोच्याची कड. कलर पत्र्यावर पोच्याच्या कडेला केसाएवढ्या भेगा पडल्या आहेत का ते बोटाच्या नखानं चाचपा. नख अडकलं किंवा रंगाचा पापुद्रा निघाला तर तिथून दोन पावसाळ्यांत गंज धरेल.

दुसरी, जुना गंज. पत्र्यावर जिथे कुजकेपणा होता तिथेच गार आरपार जाते: दोन पत्र्यांच्या जोडाखाली, हुकाच्या भोवती, वर ठेवलेल्या दगडाखाली, पालापाचोळा साचतो त्या कोपऱ्यात. ताज्या भोकाची कड आतल्या बाजूला वळलेली आणि चकचकीत असते. गंजून पडलेल्या भोकाची कड तपकिरी आणि खाल्लेल्या भाकरीच्या कडेसारखी असते. हा फरक विम्याचा सर्व्हेअर सगळ्यात आधी बघतो, म्हणून ताज्या भोकाचा जवळून फोटो पहिल्या आठवड्यातच घ्या. चकचकीत कडही महिन्याभरात तांबूस होते.

तिसरी, स्क्रू आणि हुक. सेल्फ स्क्रूखालचं रबरी वॉशर उन्हानं कडक झालेलं असतं, पत्रा हादरला की ते चिरतं. जुन्या घरांत जे-हुक आणि डांबरी वॉशर असतात, त्यांचंही तसंच. वाऱ्यानं पत्रा वर-खाली झाला असेल तर स्क्रूचं भोक गोल न राहता लांबट होतं. दर चौथा-पाचवा स्क्रू बोटानं हलवून बघा. हलला तर त्या ओळीतले सगळे बघा.

चौथी, उजेडासाठी मधे टाकलेला फायबरचा पत्रा. गारपिटीत सगळ्यात आधी तोच जातो, कारण सात-आठ वर्षांच्या उन्हात तो पापडासारखा होतो. त्यावर चांदणीसारखी भेग दिसते, मधे एक बिंदू आणि चारी दिशांना रेषा. धुळीनं माखलेला हा पत्रा बाजूच्या लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो. त्यावर पाय पडून माणसं खाली कोसळतात. वर जाण्याआधी तो कुठे आहे हे आतून पाहून ठेवा.

पत्र्यावर चालायचंच झालं तर स्क्रूच्या ओळीवरून चाला, कारण त्याखाली पर्लिन असते.

सिमेंटचा पत्रा

याला वेगळं लिहितो, कारण इथे जीव जातो. सिमेंटचा पत्रा साधारण सहा मिलिमीटर जाडीचा. नवा असताना बरा दणकट असतो, पण वीस वर्षांनी ठिसूळ होतो. गारेचा मार बसल्यावर वर फक्त नखाएवढा फिकट खड्डा दिसतो. खालून पाहिलं तर त्याच जागी बशीसारखी खपली निघालेली असते आणि तिथून भेगा फुटलेल्या असतात. म्हणजे हा पत्रा वरून तपासण्यात काही अर्थच नाही. खाली उभं राहून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक पत्रा बघा. शंका आली तर काठीच्या टोकानं खालून हलकेच टकटक करा. चांगला पत्रा टणक वाजतो, भेगाळलेला भद्द वाजतो. तुमच्या डोक्यावर तुकडा पडणार नाही अशा बेतानं, बाजूला उभं राहून.

वर गेल्याशिवाय इलाज नसेल तर आडव्या रुंद फळ्या टाकून, दोन पर्लिनांवर त्यांचा भार येईल असं बघून, फळीवरूनच सरका. मी स्वतः भेगाळलेल्या सिमेंट पत्र्यावर फळी टाकूनही चढत नाही. खालून पालख बांधून काम करतो.

या जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो फुटला, कापला, घासला की ते हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. पडलेले तुकडे केरसुणीनं झाडू नका. पाणी शिंपडून ओले करा, तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा, तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा. मुलांना दोन दिवस तिकडे फिरकू देऊ नका. या तुकड्यांचा चुरा करून अंगणात भर घालायची पद्धत आहे, ती कृपा करून सोडा.

कवेलू, माळवद, स्लॅब

कवेलूचं घर असेल तर दोन प्रकार. देशी नळीची कवेलू गारेनं सरळ फुटतात, ते लांबूनही दिसतं. मंगलोरी कौलाचं तसं नसतं. त्याचा कोपरा किंवा एकात एक अडकणारी खाच तेवढी उडते, कौल जागेवरच राहतं आणि पाणी त्या खाचेतून आत येतं. तेही आतून उजेडाच्या बारीक फटीवर सापडतं. आढ्यावरच्या कौलांचे सांधे चुन्यानं किंवा सिमेंटनं भरलेले असतात, तिथे भेग पडली का ते बघा. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारायची रीत आहेच. गारपीट झालेल्या वर्षी ती एप्रिलमध्येच करा आणि काढलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून ठेवा. भाजलेलं चांगलं कौल घुमतं.

मराठवाड्यातल्या माळवदावर, म्हणजे लाकडी कडीपाटावर माती चोपून केलेल्या सपाट छतावर, गार आपटून पांढऱ्या मातीत वाटीएवढे खड्डे पडतात. खरा धोका पुढे असतो: गारांचा थर साचतो, पन्हाळ तुंबते आणि वितळलेलं पाणी रात्रभर मातीत मुरतं. ओलं माळवद फार जड होतं. आत कडीपाट वाकलेला दिसला, खांबाच्या डोक्याशी माती झडलेली दिसली, तर त्या खोलीत झोपू नका. पन्हाळ मोकळी करा, पण एका वेळी एकच माणूस वर जाऊ द्या. खड्डे पांढऱ्या मातीनं भरून चोपणं नंतर सावकाश करता येतं.

काँक्रीटच्या स्लॅबला गार काही करत नाही. स्लॅबवरच्या वस्तूंना करते. वॉटरप्रूफिंगचा पांढरा लेप जिथे फुगलेला होता तिथे फुटतो. पाण्याच्या टाकीचं झाकण तडकतं आणि त्यातून पक्ष्यांची घाण आत जाते. सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या फुटतात. पावसाच्या पाइपच्या तोंडाशी पानं आणि गारा अडकून गच्चीवर घोटाभर पाणी साचतं. ते आधी मोकळं करा.

पीएम सूर्यघर योजनेनंतर गावोगावी छतावर सोलर पॅनेल आली, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. पॅनेलची प्रमाणित चाचणी असते: २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगानं, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरनं, अकरा ठिकाणी मारतात. त्याहून मोठी गार पडली तर काच फुटू शकते. फुटलेली काच कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तसं पॅनेल उन्हात असताना वीज बनवतच राहतं, त्यामुळे त्याला ओल्या हातानं काय, कोरड्या हातानंही शिवू नका. बसवणाऱ्याला फोन करा आणि तो सांगेल त्या क्रमानं स्विच बंद करा. काच फुटलेली नसतानाही आतल्या काळ्या पट्ट्यांना सूक्ष्म तडे जाऊ शकतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. इन्व्हर्टरवरचे गारपिटीच्या आधीच्या स्वच्छ उन्हाच्या दिवसाचे युनिट आणि नंतरच्या तशाच दिवसाचे युनिट शेजारी-शेजारी लिहा. चांगलाच फरक दिसला तर तपासणी मागा.

गारेचा पोचा की वानराचा?

विदर्भात आणि आमच्या बुलढाण्याकडे हा प्रश्न खरोखर येतो. वानरांचा कळप पत्र्यावरून धावला की पोचे पडतात. ते मोठे, उथळ असतात आणि झाडाच्या फांदीखाली किंवा आढ्याजवळ, उडी पडते तिथे जास्त असतात. माणूस चालला असेल तर पोचे दोन-अडीच फुटांच्या अंतरानं एका रांगेत, दोन पर्लिनांच्या मधे असतात. आंबा, कवठ, मुलांचा चेंडू यांचे पोचे दोन-चारच असतात.

गारेचे पोचे गोल असतात, त्यांना रांग नसते, लहान-मोठे मिसळलेले असतात आणि एका उतारावर सगळीकडे असतात. पर्लिनवरचे लहान, मधल्या भागातले मोठे, कारण मधे पत्रा जास्त दबतो. पोच्याच्या तळाशी धूळ किंवा काळी मळकट कड दिसली तर तो आधीच्या वर्षीचा. जुने पोचे नव्यात मिसळून दाखवू नका. बघणाऱ्याला ते कळतं आणि मग खऱ्या नुकसानीवरही तो शंका घेतो.

फोटो, पंचनामा, विमा

दुरुस्ती करण्याआधी फोटो. प्रत्येक जागेचे तीन: लांबून अख्खं घर, मधून तो उतार, जवळून नाणं ठेवून भोक. तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा. फुटलेले पत्रे, कवेलू पंचनामा होईपर्यंत अंगणात एका बाजूला रचून ठेवा.

गारपीट केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे, त्यामुळे पिकाबरोबर घराचीही मदत मागता येते. हे अनेकांना माहीत नसतं आणि पंचनाम्यात फक्त शेत लिहिलं जातं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत अंशतः पडझडीसाठी पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत, पण घराचं किमान १५ टक्के नुकसान दिसावं लागतं. झोपडीला ८,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये. मदत द्यायची वेळ येते तेव्हा त्या वर्षीचा शासन निर्णय बघून घ्या. टक्केवारी कशी ठरते ते बघणाऱ्यावर असतं, म्हणून तुमचा हिशेब तयार असू द्या: एकूण पत्रे चोवीस, आरपार फुटलेले पाच, भेगाळलेले तीन, आणि त्याखाली भिजलेल्या भिंती किती. तलाठी आले की वही आणि फोटो दोन्ही दाखवा, खडूचे गोल दाखवा. ते दोन-तीन दिवसांत आले नाहीत तर ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घराचा नमुना ८ चा उतारा, आधार, बँकेचं पासबुक जवळ ठेवा.

विमा असेल तर त्याच दिवशी कळवा. घराचं कर्ज घेतलेल्या कित्येकांच्या नावावर बँकेनं घराचा विमा काढलेला असतो आणि त्यांना तो आठवतही नाही. कर्जाची फाइल उघडून बघा. २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या भारत गृह रक्षा नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी देतात. वादळाचं कलम त्यात आहे, गारेबद्दल तुमच्या कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून मगच अर्जाचे शब्द लिहा. जुना गंज, झीज यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणूनच ताज्या भोकाचा फोटो.

पावसाच्या आधी

तात्पुरती ताडपत्री टाकाल तेव्हा ती दोरीनं पर्लिनला किंवा वाशाला बांधा. वर दगड ठेवू नका. पुढच्या वादळात पत्रा उचलला की तो दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि दरवेळी पोटात कालवतं.

लोखंडी पत्र्यावर रंग तडकला असेल तिथे तारेच्या ब्रशनं साफ करून झिंक प्रायमर आणि वर रंग. नखाएवढ्या भोकावर दोन्ही बाजूंनी पत्रा स्वच्छ, कोरडा करून ब्यूटाइलची चिकटपट्टी चालते. त्याहून मोठ्या भोकाला पत्र्याचा तुकडा किंवा नवा पत्रा, आणि वरच्या पत्र्याची खालच्यावर किमान सहा इंच चढण. चिरलेली वॉशरं सगळी बदला, ती स्वस्त असतात. सिमेंट पत्र्याची भेग सिमेंटच्या लगद्यानं भरू नका, पहिल्याच उन्हात तो सुटतो. तो पत्रा बदलायचाच.

काम झाल्यावर पाणी सोडून बघा. पाइप घेऊन खालच्या कडेपासून सुरुवात करा आणि दहा-दहा मिनिटांनी वर सरका. आढ्यापासून सुरू केलं तर सगळीकडून पाणी वाहतं आणि कोणती जागा गळते ते कळत नाही. आत एक माणूस खडू घेऊन उभा राहू द्या.

आतल्या बाजूचे खडूचे जुने गोल मात्र पुसू नका. मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस येईल त्या रात्री टॉर्च घेऊन एकेका गोलाखाली पाच मिनिटं उभे राहा. कोरडा राहिला त्याच्यावर बरोबरची खूण करा, ओला झाला त्याच्याखाली बादली ठेवा आणि पाऊस उघडला की तीच जागा पुन्हा बघा.